प्रश्नाला पत्ता हवा : माध्यमिक शिक्षणात ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्गाचा मेळ

(शताब्दी स्मरणिकेसाठी व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षे छापील अक्षराची जपणूक करणाऱ्या संस्थेच्या उत्सवात मोबाइलच्या पडद्यावरील शिक्षणाची चर्चा व्हावी, हे काही जणांना विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केला तर ही विसंगती उरत नाही. गुरू समोर नसताना शिकण्याचे पहिले मोठे साधन म्हणजे ग्रंथच होय. लेखक पुण्यात किंवा वाराणसीत असतो, वाचक भोपाळात असतो. दोघांची भेट कधी होत नाही, आणि तरीही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते. ग्रंथालयाने मात्र पुस्तके घरी देऊन आपले काम संपले असे कधी मानले नाही. वाचनकक्ष उघडला, व्याख्याने भरविली, वाचलेल्यावर चार माणसांनी बोलावे अशी जागा निर्माण केली. घरी एकट्याने वाचणे आणि चौघांत बसून बोलणे या दोहोंचा मेळ घालणे हेच ग्रंथालयाचे कार्य होते आणि आहे. आज शाळांपुढे जो प्रश्न उभा आहे तो याच जातीचा आहे. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याने काय घरी पडद्यावर शिकावे, काय वर्गात शिक्षकांसमोर शिकावे, आणि या दोहोंची सांगड कोणी व कशी घालावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयासाठी पिपलानी हे ठिकाण योग्य आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने भोपाळ शहराच्या पूर्वेस विजेची अवजड यंत्रे घडविणारा कारखाना उभा राहिला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती त्याच्यासोबत वाढल्या. १९७४ साली ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली आणि ‘भेल’ हेच या भागाचे नाव होऊन बसले. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. या वसाहतीत शिक्षण म्हणजे काय, हे कोणी पुस्तकातून सांगण्याची गरज नव्हती. कारखान्यात शिकाऊ उमेदवार कसा तयार होतो, हे घरोघरी ठाऊक होते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उमेदवाराच्या शिक्षणाचे दोन भाग मानले आहेत : कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्या कामाशी संबंधित सैद्धान्तिक शिक्षण. नकाशा वाचणे, मापांचे गणित, धातूचे गुणधर्म या गोष्टी बाकावर बसून शिकता येतात. कानशीने पृष्ठभाग सपाट करणे मात्र हातानेच शिकावे लागते, आणि तेही जवळ उभे राहून “जोर उजवीकडे जास्त पडतो आहे” असे सांगणारा उस्ताद असेल तरच. उलट, नकाशा न वाचता केवळ हात चालविणारा माणूस चांगला कारागीर होतो, पण नवे काम आले की अडतो. कोणता भाग बाकावर आणि कोणता यंत्रापाशी, हे ठरविताना कोणी फॅशन पाहिली नाही; कामाचा स्वभाव पाहिला. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिक्षणाचा मेळ घालताना याच विवेकाची आवश्यकता आहे.

शाळांवर ही वेळ आली ती मात्र विवेकाने नव्हे, संकटाने. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर शाळा बंद झाल्या. मध्य प्रदेशात शासनाने ‘डिजिलेप’ या नावाने व्हॉट्सअॅपच्या गटांतून पाठ पाठविण्यास आरंभ केला. आकाशवाणीवरून शालेय कार्यक्रम झाले, दूरदर्शनच्या मध्य प्रदेश वाहिनीवरून वरच्या इयत्तांचे पाठ प्रक्षेपित झाले. ६ जुलै २०२० पासून धाकट्या इयत्तांसाठी ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना सुरू झाली. तिच्यात सकाळी दहा वाजता घरातील वडीलधाऱ्यांनी थाळी वाजवून शाळा भरल्याची सूचना द्यावी अशी कल्पना होती. आज त्या थाळीचे कोणाला हसू येईल. परंतु तिच्यामागे एक जाण होती. पाठ मोबाइलवर येतो. शाळा मात्र मोबाइलवर येत नाही. शाळेला वेळ लागते, घंटा लागते आणि ‘आता अभ्यासाला बसायचे’ असे सांगणारे माणूस लागते.

माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी खरा मेळ त्यानंतर सुरू झाला. २१ सप्टेंबर २०२० पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी पालकांच्या लेखी संमतीने, शिक्षकांचे मार्गदर्शन घेण्यापुरते, स्वेच्छेने शाळेत यावे, अशी मुभा केंद्र शासनाने दिली. या आदेशात वर्ग भरवावा असे म्हटलेले नव्हते. शंका विचारण्यासाठी यावे असे सुचविले होते. पुढे दुसऱ्या लाटेनंतर, २६ जुलै २०२१ पासून मध्य प्रदेशातील अकरावी व बारावीचे वर्ग निम्म्या उपस्थितीने उघडले. बारावीला सोमवार व गुरुवार, अकरावीला मंगळवार व शुक्रवार असे वार नेमून दिले गेले. ५ ऑगस्टपासून दहावीला बुधवार आणि नववीला शनिवार मिळाला. उरलेले दिवस पडद्यावर.

आठवड्यातून एकच दिवस शाळा मिळालेल्या नववीच्या विद्यार्थ्याची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. तो एक दिवस कशासाठी वापरायचा, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक शाळेपुढे होता. आठवडाभर पडद्यावर झालेला धडा पुन्हा फळ्यावर वाचून दाखविला, तर तो दिवस वाया जातो. वह्या तपासल्या, अडलेले उदाहरण सोडविले, प्रयोगशाळेचे दार उघडले, तर त्या एका दिवसाने मागच्या आठवड्याला अर्थ येतो. टंचाईने शाळांना हा प्रश्न विचारण्यास भाग पाडले. टंचाई संपली, शाळा पूर्ववत भरू लागल्या, आणि प्रश्न बाजूला पडला. तो बाजूला पडू नये, असे सुचविणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. कारण रोज वर्ग भरत असतानाही तो तितकाच खरा आहे : विद्यार्थी आणि शिक्षक एका खोलीत आहेत, ही मोलाची वेळ कशावर खर्च करावी?

दूरचे शिक्षण आणि जवळचे शिक्षण यांचा मेळ या प्रदेशाला नवा नाही. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत तेव्हाचे मध्य प्रदेश होते. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त विद्यालयाचा प्रकल्प सुरू केला. १९८९ साली त्याचे राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले. या विद्यालयाने पुस्तके घरपोच दिली, पण अभ्यासकेंद्रावरील संपर्कवर्गांची सोयही ठेवली. भोपाळात १९९१ साली भोज मुक्त विद्यापीठ आणि १९९५ साली राज्य मुक्त विद्यालय स्थापन झाले. या सर्व संस्थांच्या रचनेत एक गोष्ट समान आढळते. पाठ दूर पाठविता येतो, तरी कोठे तरी एक केंद्र आणि त्या केंद्रावर एक माणूस ठेवावा लागतो.

पण यापेक्षाही बोलके उदाहरण भोपाळपासून जवळच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातील आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी जिल्ह्यातील सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ पासून भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा सांभाळली. मुलांनी विज्ञान वाचून पाठ करावयाचे नाही, प्रयोग करून शोधावयाचे, हे त्याचे सूत्र होते. टोळ्याटोळ्यांनी बसून मुले साध्या साहित्याचे प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत लिहीत, त्यांवर वाद घालीत. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मनाई नव्हती आणि प्रात्यक्षिकही द्यावे लागे. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. परंतु तीस वर्षांत त्याने जे दाखवून दिले ते बंद झालेले नाही.

या कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक पात्र होते. तो एक काल्पनिक माणूस. मुलांनी आपल्या मनात येणारे प्रश्न पत्राने सवालीरामाला विचारावेत आणि त्याने उत्तर द्यावे, अशी योजना होती. खेड्यातील मूल प्रश्न लिहून टपालपेटीत टाकी आणि पुढे त्याच्या नावे उत्तर येई. येथे दुरून पाठ येत नव्हता. दुरून उत्तर येत होते. पाठ, प्रयोग, वाद हे सारे वर्गात. वर्गात न सुटलेला प्रश्न तेवढा दूर जात होता. तंत्र होते टपालाचे, पण रचना विचारपूर्वक केलेली होती. प्रश्नाला पत्ता होता, हे तिचे मर्म होते.

आजच्या ऑनलाइन शिक्षणाची गोष्ट बहुधा याच्या उलट आहे. पाठ वाटेल तितके येतात. एकाच प्रमेयावर शेकडो चित्रफिती सापडतात. पण विद्यार्थ्याला नेमके जे कळले नाही ते कोणाला विचारावे, याचा पत्ता सापडत नाही. चित्रफीत पुन्हा पाहता येते, थांबविता येते, हा तिचा मोठा गुण आहे. वर्गात शिक्षकांना चौथ्यांदा विचारण्याचा संकोच वाटणाऱ्या मुलाला तो वरदानासारखा आहे. पण चौथ्यांदा पाहूनही कळले नाही, तर चित्रफीत पाचव्यांदा तेच, त्याच शब्दांत सांगते.

एक साधे उदाहरण घ्यावे. नववीतील विद्यार्थी बीजगणितात अ अधिक ब या कंसाचा वर्ग करताना अ वर्ग अधिक ब वर्ग असे लिहून मोकळा होतो; मधले पद विसरतो. संगणकावरील चाचणी उत्तर चूक असल्याचे सांगते. चूक का झाली हे तिला बहुधा दिसत नाही, कारण तिने पायऱ्या पाहिलेल्या नसतात. शिक्षक वहीवर नजर टाकतात आणि ओळखतात की मुलाने ‘दोन्हींना वर्ग वाटून’ टाकला आहे. मग ते एक चौरस काढतात, बाजूचे दोन भाग करतात, आणि आतले चार तुकडे मुलालाच मोजावयास सांगतात. दोन मिनिटांत चूक मुळासकट जाते. ही दोन मिनिटे प्रत्यक्ष वर्गाचे खरे धन होय. पण चाळीस मिनिटांच्या तासातील पस्तीस मिनिटे फळ्यावरून धडा उतरवून देण्यात गेली, तर पन्नास वह्यांसाठी अशी दोन-दोन मिनिटे आणावयाची कोठून?

विज्ञानाचेही तसेच. दहावीला ओहमचा नियम आहे. पडद्यावर तो सुरेख दिसतो. विभवांतर वाढविले की विद्युत्प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि आलेख सरळ रेषेत येतो. प्रयोगशाळेत मात्र तारेचे जोड सैल असतात, अमीटर उलटा जोडला गेला तर काटा शून्याच्या मागे जाऊ पाहतो, तार तापली की बिंदू रेषेवरून सरकतात. विद्यार्थ्याला वाटते प्रयोग फसला. वस्तुतः शिकणे तेथेच सुरू होते. तापमान कायम असेल तरच, ही नियमातील अट पुस्तकात त्याने पाठ केलेली असते. तिचा अर्थ त्याला बोटाला चटका बसल्यावर कळतो. पडद्याने आधी रेषा दाखवावी, प्रयोगशाळेने मग बिंदू दाखवावेत, आणि शिक्षकांनी या दोहोंतील अंतराबद्दल बोलावे. मेळ म्हणतात तो हाच.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क येथील शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ चित्रित करण्यास सुरुवात केली. खेळाचे सामने आणि दूरचा प्रवास यांमुळे मुलांचे तास बुडत; त्यांच्यासाठी ही सोय होती. पुढे त्यांच्या लक्षात आले की पाठ सर्वांनीच घरी पाहिला आणि एरवी घरी करावयाची उदाहरणे वर्गात सोडविली, तर शिक्षक नेमके अडचणीच्या क्षणी विद्यार्थ्याजवळ असतात. ‘उलटा वर्ग’ म्हणून ही पद्धत जगभर गाजली. तिचे मर्म मात्र चित्रफितीत नव्हते. रिकाम्या झालेल्या तासात होते.

असा मेळ खरोखर फलदायी ठरतो काय? याविषयी केवळ मतांवर विसंबण्याची गरज नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी निव्वळ प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थ्यांहून सरासरीने सरस आढळली. परंतु आढावा घेणाऱ्यांनीच दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. एक, त्यांतील बहुसंख्य अभ्यास महाविद्यालयीन वा प्रौढ विद्यार्थ्यांचे होते, शालेय मुलांचे फारच थोडे. दोन, मिश्र पद्धतीत विद्यार्थ्यांना अनेकदा अधिक वेळ आणि अधिक साहित्यही मिळालेले होते. तेव्हा श्रेय तंत्राचे की वाढीव वेळेचे, हे निश्चित सांगता येत नव्हते.

आपल्या परिस्थितीशी अधिक जवळचा पुरावा दिल्लीचा आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी तेथील शाळाबाह्य केंद्रांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. केंद्रात मुले शाळेनंतर दीड तास येत. पाऊण तास संगणकावर ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाच्या साह्याने, प्रत्येक जण आपापल्या पातळीवर काम करी; उरलेला पाऊण तास लहान गटात शिक्षकासमवेत. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातील व हिंदीतील प्रगती, केंद्राची संधी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, स्पष्टपणे अधिक आढळली. यातील एक तपशील मनन करण्यासारखा आहे. सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता, आणि वर्ग जसजसा वरचा, तसतसे हे अंतर वाढलेले होते. वर्गातील फळा मात्र सर्वांना सारखाच धडा देत होता. संगणकाने येथे जे केले ते शिक्षकाला पन्नास मुलांच्या वर्गात करणे जवळजवळ अशक्य असते : प्रत्येक मूल जेथे उभे आहे तेथून त्याला पुढे नेणे. पण त्या केंद्रातही माणसाचा पाऊण तास होता, हे विसरता कामा नये.

एवंच, मेळ फलदायी ठरू शकतो. पण तो पडद्यामुळे नव्हे, पडदा आणि माणूस यांच्यातील कामाच्या नीट वाटणीमुळे.

आता अडचणींकडे वळले पाहिजे. पहिली अडचण साधनांची. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६७.६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पण घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे एक-चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन वडिलांच्या खिशात कामावर जाई. २०२३ साली १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. तीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये मात्र हे प्रमाण १९.८ टक्केच होते. या आकड्यांचा संबंध ग्रामीण भागाशी आहे, तथापि शहरी वसाहतीतील घरेही यातून सर्वस्वी सुटलेली नाहीत. दोन भावंडे आणि एक फोन असेल तर तो आधी कोणाच्या हाती जातो, याचे उत्तर प्रत्येक घराने स्वतःशीच द्यावे. ज्या मेळात मुलीचा पाठ भावाच्या सवडीवर अवलंबून राहतो, त्याला मेळ म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती क्वचितच बोलली जाते. वर्गातील तास तसाच ठेवून वर चित्रफीत, तिच्यावर चाचणी, आणि त्यावर नेहमीचा गृहपाठ, असा थर चढत गेला तर विद्यार्थ्याचा दिवस दुप्पट होतो. शिकवणीवर्गाला जाणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलाचा तर तिप्पट. शिक्षकांचेही तेच. दिवसा वर्ग, रात्री व्हॉट्सअॅपवर आलेल्या वह्यांची छायाचित्रे मोठी करून तपासणे, हा अनुभव साथीच्या काळात असंख्य शिक्षकांनी घेतला. मेळ घालावयाचा तर नवे जितके आत येईल तितके जुने बाहेर गेले पाहिजे. धडा घरी पाहावयास सांगितला, तर गृहपाठाची उदाहरणे वर्गात आली पाहिजेत. हा हिशोब न पाळणारी योजना काही महिन्यांत कागदावर उरते.

तिसरी अडचण भाषेची. ती येथील मराठी कुटुंबांच्या विशेष परिचयाची आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, असे येथील मूल वाढते. पडद्याने या बाबतीत एक नवे दार उघडले आहे. साथीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका सुरू झाली. तिचे पाठ बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावर अनेक भाषांतील साहित्य एकत्र आहे. भोपाळातील मुलाला शाळेत ‘घर्षण’ हिंदीतून कळले नाही, तर तेच मराठीतून ऐकण्याची सोय त्याच्या आजोबांच्या काळी नव्हती, आज आहे. मात्र ही सोय आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कोणी तरी शोधून, पारखून, ‘हे पाहा’ असे सांगावे लागते. हे काम ग्रंथपाल पुस्तकांच्या बाबतीत शतकभर करीत आले आहेत.

मग माध्यमिक शाळेत कामाची वाटणी कशी असावी? सर्व शाळांना लागू पडेल असे वेळापत्रक कोणी देऊ शकणार नाही. पण काही सूत्रे सांगता येतील. व्याख्या, इतिहासातील घटनाक्रम, सिद्धतेच्या पायऱ्या, शब्दांचे उच्चार, हृदयाचे वा ज्वालामुखीचे चलचित्र, सरावाची उदाहरणे, हे पडद्याकडे सोपवावे. पाठ दहा-बारा मिनिटांहून मोठा नसावा; तो उतरवून ठेवता यावा आणि त्याचा छापील सारांश, फोन नसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती, त्याच दिवशी पडावा. प्रयोग, निबंधाची दुरुस्ती, वादविवाद, चुकांची उकल, नकाशा काढणे, एकमेकांना समजावून सांगणे, हे वर्गाकडेच राहावे. आणि या दोहोंना जोडणारा एक नियम असावा : घरी पाठ पाहून झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत एक प्रश्न लिहून आणावा. ‘सगळे कळले’ असे लिहिण्यास मुभा नसावी. दुसऱ्या दिवशीचा तास त्या प्रश्नांपासून सुरू व्हावा. ज्याने पाठ पाहिला नाही तो यातून आपोआप लक्षात येतो. आणि ज्याने पाहूनही ज्याला कळला नाही तो, जो एरवी मागच्या बाकावर गप्प बसून राहतो, तोही.

हा गप्प बसणारा विद्यार्थीच या साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू आहे. हुशार मूल दोन्ही पद्धतींत तरते. नववी-दहावीत मागे पडलेल्या मुलाचे मौन वर्गात निदान शिक्षकांच्या दृष्टीस पडण्याचा संभव असतो. पडद्यावर त्याचा कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि नावापुढे मात्र हजेरीची खूण. साथीच्या काळात अशी किती मौने हजेरीपटावर ‘उपस्थित’ म्हणून नोंदली गेली असतील, याचा हिशोब कोणाकडे नाही. २०२३ च्या ज्या पाहणीचा वर उल्लेख आला, तीत १४ ते १८ वयोगटातील एक-चतुर्थांशाहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सफाईने वाचता आला नाही. अशा मुलाच्या हाती केवळ पडदा देणे म्हणजे त्याचे मौन अधिक सोयीचे करणे होय.

श्रोतेहो, येथे ग्रंथालयाचा विचार पुन्हा समोर येतो. घर आणि शाळा यांच्यामध्ये एका तिसऱ्या जागेची गरज आहे. जेथे मुलीला फोनसाठी भावाची सवड पाहावी लागणार नाही. जेथे दोन संगणक, कानाला लावण्याचे हेडफोन, एक लांब टेबल आणि शांतता असेल. जेथे सायंकाळचे ठरावीक दोन तास दहावीच्या मुलामुलींसाठी राखून ठेवलेले असतील. त्यासाठी इमारत बांधावी लागत नाही, वाचनकक्ष आहेच. आणि पिपलानीसारख्या वसाहतीच्या आसपास आणखी एक धन आहे, ज्याची नोंद कोणत्याही दाखलखातेवहीत होत नाही. आयुष्यभर टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी घडविण्यात ज्यांचे दिवस गेले अशी निवृत्त माणसे येथे आहेत. ओहमचा नियम त्यांनी पुस्तकात नव्हे, कामात भोगलेला आहे. त्यांच्यापैकी आठवड्यातून एक सायंकाळ देणारे चार जण मिळाले, तर त्या लांब टेबलाला ते माणूस लाभेल, ज्याच्यावाचून कोणत्याही पडद्याचे शिक्षण अपुरे राहते.

शताब्दीच्या निमित्ताने आश्रयदाते देणगी देतील, कपाटे येतील, कदाचित संगणकही येतील. त्यांच्यासोबत एक साधी, जाड पुठ्ठ्याची वहीही देवघेवीच्या टेबलावर ठेवता येईल. तिच्यावर ‘प्रश्नवही’ असे लिहावे. शाळेत, शिकवणीत, पडद्यावर ज्याचा प्रश्न सुटला नाही त्या मुलाने तो तेथे लिहावा, खाली आपली इयत्ता लिहावी. सभासदांपैकी जाणत्याने आठ दिवसांच्या आत त्याच वहीत उत्तर लिहावे, आणि ग्रंथपालांनी त्याखाली ज्यात अधिक सापडेल त्या पुस्तकाचे नाव व पृष्ठांक नोंदवावा. पुस्तक कपाटात असेल तर मुलाला ते त्याच दिवशी घरी नेऊ द्यावे.

सवालीरामाला पत्र लिहिणाऱ्या मुलांना जो विश्वास मिळाला, तोच अशा वहीतून येथील मुलांना मिळेल : आपला प्रश्न कोणी तरी वाचला, त्यावर विचार केला आणि आपल्यासाठी उत्तर लिहिले. या वहीसाठी लागणारा खर्च शंभर रुपयांच्या आत आहे. उत्तर लिहिणारे हात मात्र सभासदांनी द्यावयाचे आहेत.